शिबिराला गेलेली मुलं आणि घरची प्रार्थना

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, चाळीसेक मुलं मे महिन्यात पाचगणीला सहा दिवसांच्या शिबिराला जाणार आहेत. महिला मंडळाने ठरवलंय की शिबिर चालू असेपर्यंत रोज संध्याकाळी कुणा एकीच्या घरी जमून मुलांसाठी प्रार्थना करायची. ‘‘पण ताई,’’ त्या लिहितात, ‘‘गेल्या वर्षी आमची प्रार्थना दोन मिनिटांत संपली. देवा, सगळ्या मुलांना सांभाळ, सगळ्या दादा-ताईंना आशीर्वाद दे, आमेन. मग चहा झाला आणि आपापल्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी निम्म्याच जणी आल्या. यंदा काय करावं?’’

प्रश्न अगदी प्रामाणिक आहे, आणि तो फक्त त्यांच्याच मंडळाचा नाही. प्रार्थना दोन मिनिटांत संपते म्हणजे भक्ती कमी पडली, असं मला मुळीच वाटत नाही. अडचण एवढीच की ‘सगळी मुलं’ नावाचं मूल कुठेच नसतं. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याविषयी देवाशी तरी किती वेळ बोलणार?

ज्या मैत्रिणींना या शिबिरांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुष्कळ चर्च आपल्या मुलांना चार-सहा दिवस थंड हवेच्या ठिकाणी किंवा एखाद्या मोकळ्या वसतिगृहात नेतात. सकाळी घंटा, व्यायाम, मग थोडा शांत वेळ. नाश्त्यानंतर पवित्र शास्त्राचा अभ्यास, गाणी, दुपारी सक्तीची विश्रांती (जी कुणीच घेत नाही), संध्याकाळी खेळ, रात्री सभा आणि शेवटच्या दिवशी शेकोटी. आठ-दहा मुलांचा एक गट, आणि त्या गटाला एक दादा किंवा ताई. ही दादा-ताई मंडळी पगारी नसतात. कुणी नुकतीच बारावी दिलेली, कुणी कॉलेजातली, एखादा नोकरीला लागलेला आणि रजा काढून आलेला. ते मुलांबरोबरच जेवतात आणि त्यांच्याच खोलीत किंवा शेजारी झोपतात, तेही झोपायला मिळालं तर.

सुट्टीतल्या मुलांना गाठून त्यांना देवाविषयी सांगायचं, ही कल्पना काही आजची नाही. 1868च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या लँडुडनो इथल्या समुद्रकिनाऱ्यावर जोसाया स्पायर्स या गृहस्थाने वाळूत देवाच्या प्रीतीविषयी चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले आणि तिथे खेळणाऱ्या मुलांना ती अक्षरं शिंपल्यांनी सजवायला सांगितली. मुलं जमली, गोष्ट ऐकून गेली. पुढे 1885 साली अमेरिकेत वाय.एम.सी.ए.चे सम्नर डडली सात मुलांना घेऊन एका तळ्याकाठी तंबू ठोकून राहिले. सातच मुलं! एका माणसाला सातांची नावं, आवडी आणि खोड्या सहज पाठ होतात. आपण चाळीस-चाळीस मुलं एका बसमध्ये घालून पाठवतो, म्हणून नावं पाठ करण्याचं काम घरी राहिलेल्यांनी वाटून घ्यायला हवं.

तेव्हा पहिलं काम हे. संडेस्कूलच्या शिक्षिकेकडून मुलांच्या नावांची यादी मागून घ्या आणि चिठ्ठ्या करून वाटा. एकीकडे चार मुलं आणि एक दादा किंवा ताई, याहून जास्त नको. नावापुढे वय आणि जमल्यास एखादी गोष्ट: पहिल्यांदाच घराबाहेर राहणार आहे, पाण्याला घाबरते, आजोबा नुकतेच गेले, दहावीचा निकाल लागायचा आहे. एवढं कळलं की प्रार्थना आपोआप लांबते.

मात्र जे आईवडिलांनी आपणहून सांगितलं तेवढंच चिठ्ठीवर यावं. ‘‘त्याच्या वडिलांसाठी विशेष प्रार्थना करा बरं का, परवा पुन्हा पिऊन आले होते’’ असं हळूच सांगितलं जातं, सगळ्या माना हलतात, आणि डोळे मिटायच्या आत ती बातमी तीन घरं फिरलेली असते. हल्ली तर व्हॉट्सॲपच्या प्रार्थना-गटावर ती शहराबाहेरही जाते. त्या मुलाला हे कुठून तरी कळतंच. बाकीचं देवाला ठाऊक आहे; त्याला आपण पुरवणी माहिती द्यायची गरज नाही.

नावानिशी प्रार्थना करण्याची रीत पौलाची आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपण वाचताना भराभर पुढे जातो, कारण त्यात नुसती नावं आहेत. वीसहून अधिक माणसं, त्यांत कितीतरी बायका, आणि कुणी किती कष्ट घेतले याची नोंद. रूफाच्या आईचं नाव तो देत नाही. पण ती मला आईसारखी, असं आवर्जून सांगतो. माणसं अशी एकेक करून आठवणाऱ्याची प्रार्थना दोन मिनिटांत कशी संपेल?

‘‘वेळ कुठे आहे?’’ हा प्रश्न येणारच. अठराव्या शतकातली इंग्लंडमधली सुझाना वेस्ली आपल्यापैकीच एक होती. तिने एकोणीस मुलांना जन्म दिला, त्यांतली नऊ तान्हेपणीच गेली, घरात पैशाची कायम ओढाताण. असं सांगतात की प्रार्थनेला एकांत मिळेना तेव्हा ती स्वयंपाकाचा एप्रनच डोक्यावरून घेऊन बसे, आणि मुलांना कळे की आता आईला हाक मारायची नाही. ती एप्रनची गोष्ट किती खरी कोण जाणे. पण प्रत्येक मुलासाठी तिने आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली होती, हे तिच्या पत्रातच आहे. गुरुवार जॉनचा. हाच जॉन पुढे मेथॉडिस्ट चळवळीचा प्रवर्तक झाला, आणि मोठेपणी त्याने आईला लिहिलेल्या पत्रात त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण काढली आहे. एप्रनच्या जागी आपल्याकडे पदर आहे, ओढणी आहे. जमायला मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर ओट्यापाशी उभं राहून करा.

मी स्वतः शिबिराचं वेळापत्रक मागून घेते आणि घरातल्या घड्याळाला जोडते. सकाळी चहाचं आधण ठेवलं की तिकडे मुलांचा शांत वेळ असतो. काही मुलं पुस्तक उघडून त्यावर डुलक्या घेत असतील, त्यांच्यासाठीही प्रार्थना करते, हसत हसत. दुपारी भांडी आवरताना विश्रांतीचा तास असतो आणि भांडणं नेमकी तेव्हाच होतात: कुणाची बॅग कुणी उघडली, कुणाला कुणी नावं ठेवली. संध्याकाळी भाजी निवडताना तिकडे खेळाचे संघ पाडले जातात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हे रोजच पाहते. संघ निवडताना शेवटी एक मूल उरतंच. ते उभं असतं आणि आपण कुणालाच नको आहोत हे त्याला कळत असतं. त्या मुलाचं नाव मला ठाऊक नसतं, तरी त्या वेळेला मी त्याच्यासाठी मागते.

आणि रात्री. पहिल्या दोन रात्री फार अवघड असतात. दिवसभर उड्या मारणारं मूल दिवे मालवले की आईची आठवण काढून उशीत रडतं. नऊ-दहा वर्षांच्या एखाद्या मुलाला अजून अंथरूण ओलं व्हायची भीती असते आणि तो त्या भीतीने झोपतच नाही. एखाद्या मुलीला नेमकी तिथे पहिल्यांदा पाळी येते. आपल्या मंडळात असल्या गोष्टी प्रार्थनेत उच्चारायला बायका बिचकतात. का बरं? बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली बाई येशूच्या वस्त्राला शिवली, तेव्हा त्याने तिला दूर लोटलं नाही. मुलगी म्हणून हाक मारली. ताईपाशी पॅड जास्तीचे आहेत ना हे आधी विचारावं, आणि रात्री त्या मुलीला शेजारी कुणीतरी मायेचं मिळो, असं मागावं. मुलाच्या बॅगेत एक जादा चादर आणि मेणकापड गुपचूप घालून त्याच्या दादाच्या कानात तेवढं सांगून ठेवावं. ही जुळवाजुळव करणं प्रार्थनेच्या बाहेरचं आहे असं मला वाटत नाही.

आता त्या दादा-ताईंविषयी. मला खरं तर यावरच जास्त लिहायचं आहे.

माझी एक भाची गेल्या वर्षी पहिल्यांदा ताई म्हणून गेली. वय एकोणीस. स्वतःची उशी घेतल्याशिवाय झोप न येणारी ही मुलगी, आणि तिच्या हवाली आठ मुली. तिसऱ्या रात्री त्यांतल्या एकीने तिला बाहेरच्या पायरीवर बसून घरातली एक गोष्ट सांगितली. काय सांगितलं ते भाचीने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच कळलं की तिने त्या मुलीला ‘हे कुणालाही सांगणार नाही’ असं वचन दिलं नाही, तिचा हात धरून बसली आणि सकाळी शिबिराच्या मोठ्या बाईंच्या कानावर ते घातलं. स्वतः मात्र रात्रभर जागी. परत आल्यावर माझ्याकडे जेवायला आली होती, भात कालवता कालवता म्हणाली, ‘‘मावशी, मुलींसाठी सगळे प्रार्थना करत होते, ते मला माहीत होतं. माझ्यासाठी कुणी करत होतं का गं?’’

मी करत होते, तिचं नाव घेऊन. तसं तिला सांगितलंही. पण मी करत होते ती माझी भाची म्हणून. त्या शिबिरातल्या बाकीच्या दादा-ताईंची नावं कुणाच्या चिठ्ठीवर होती की नाही, देव जाणे.

आपण त्यांना मोठं समजतो. त्यांच्या गळ्यात शिटी असते, हातात यादी असते, म्हणून. पण त्यांतल्या कितीकांना स्वतःलाच प्रश्न पडलेले असतात. कुणाची परीक्षा बिघडलेली असते, कुणाचं मन कुठे गुंतलेलं असतं, आणि कुणाला देव खरंच ऐकतो का याचीच शंका येत असते. तरी सकाळी उठून मुलांना शास्त्रपाठ शिकवायचा असतो. लूकच्या शुभवर्तमानात, अटकेच्या रात्री येशू पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. पेत्र त्याच रात्री घसरला, तीनदा. पण उठला, आणि पुढे त्यानेच इतरांना उभं केलं. आपल्या दादा-ताईंसाठी मी हेच मागते: तुम्ही चुकू नये असं नव्हे, चुकलात तर तिथेच बसून राहू नये.

त्यांच्यासाठी झोपही मागा. हसू नका! एलीया संदेष्टा थकून, आता मरण आलं तर बरं म्हणत झुडुपाखाली आडवा झाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग देवदूताने भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. शिबिराच्या चौथ्या दिवशी ज्या दादाच्या तोंडून मुलांवर ओरडणं सुटतं, त्याला बहुधा एवढंच हवं असतं. शिबिर भरवणाऱ्या वडील मंडळींना माझं सांगणं आहे की दुपारचा एक तास त्या पोरांना खरोखर मोकळा द्या. मोशेचे हात डोंगरावर दुखून यायला लागले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला दगड आणून दिला, मग दोन्ही बाजूंनी सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात धरले. बसायला दगड देणं हेसुद्धा त्या गोष्टीत आहे, ते आपण विसरतो.

चिठ्ठीवर आणखी दोघांना जागा द्या: पहाटे चारला उठून उपमा ढवळणारा आचारी आणि वाईवरून पसरणीचा घाट चढणारा बसचालक.

यावर एक आक्षेप येईल. ‘‘देवावर सोपवलं ना, मग एवढी चौकशी कशाला? विश्वास नाही का?’’ आक्षेप घेणारीला मी केडगावला घेऊन जाईन. 1905 साली पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनातल्या मुलींना रोज प्रार्थनेला जमण्याचं आवाहन केलं. सुरुवातीला सत्तरजणी पुढे आल्या, काही महिन्यांत ही संख्या साडेपाचशेवर गेली. त्या प्रार्थनांची कीर्ती देशोदेशी गेली. पण याच रमाबाई दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या धान्याचा हिशेब ठेवत होत्या, शेती पाहत होत्या, विणकाम आणि छपाई मुलींना शिकवत होत्या. त्यांच्या दिवसात प्रार्थना कुठे संपली आणि व्यवस्था कुठे सुरू झाली, ही रेघ कुणी दाखवून द्यावी.

म्हणून मूल पाठवण्याआधी विचारा. मुलींच्या खोलीत रात्री कोण असतं? मुलाशी कुणी मोठं माणूस एकटं, बंद दाराआड बसत नाही ना? पोहायला नेणार असाल तर काठावर पोहता येणारं कोण आहे? जवळचा दवाखाना कुठे, गाडी रात्री हाताशी असते का? चांगली माणसं या प्रश्नांनी रागावत नाहीत. आणि दादा-ताईंना निघण्याआधी हे स्पष्ट सांगून ठेवा: एखाद्या मुलाने आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, तर ती गोष्ट पोटात ठेवायची नाही, चर्चच्या चार भिंतींतही मिटवायची नाही. 2012च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. ‘प्रार्थना करू या, बाहेर बोलू नका’ असं म्हणणारं कुणी भेटलं, तर त्याची प्रार्थना मला नको.

राहिली शेकोटी. शेवटच्या रात्री गाणी होतात, ज्वाळा वर जातात, आणि पाहुणे वक्ते विचारतात, प्रभूला जीवन कोण कोण देतं? हात वर करा. दुसऱ्या दिवशी मंडळीत आकडा सांगितला जातो. मला हा आकडा आवडत नाही. पाच रात्री जागलेलं मूल त्या वेळी थकव्यानेही रडतं, आईच्या आठवणीनेही रडतं आणि खरोखर देवाचा स्पर्श झाला म्हणूनही रडतं. त्याचं त्यालाही ते वेगळं करता येत नाही. शेजारच्या मैत्रिणीने हात वर केला म्हणून वर झालेले हात मी पाहिले आहेत. त्या रात्रीसाठी मी असं मागते की ज्याला खरंच बोलावणं आलंय त्याला ते नीट ऐकू यावं, आणि ज्याला आलेलं नाही त्याला हात खाली ठेवायची लाज वाटू नये. जे मूल गप्प राहिलं त्याच्याकडे परतीच्या बसमध्ये कुणी वेगळ्या नजरेने पाहू नये. देवाला घाई नसते. घाई आपल्याला असते, अहवाल लिहायचा असतो म्हणून.

पत्रलेखिकेने शेवटी एखादी नमुन्याची प्रार्थना मागितली आहे. प्रार्थना नमुन्याबरहुकूम करू नये असं मला वाटतं, तरी सुरुवातीला आधार म्हणून देते. रिकाम्या जागी नावं घाला.

‘‘हे प्रभो, आज रात्री ... ला आमची आठवण येत असेल. तिच्याजवळ तू राहा, आणि तिच्या ताईला, ... ला, तिचं रडणं ऐकू येऊ दे. ... ला आज खेळात कुणी घेतलं नसेल तर उद्या एक मित्र दे. ... ला जे सांगायचं आहे ते सांगायला धीर दे, आणि ऐकणाऱ्याला शहाणपण दे. दादा-ताईंना आज पुरती झोप दे. ज्यांनी त्यांच्यासाठी रांधलं त्यांचे हात दुखत असतील, त्यांना विसावा दे. आमची मुलं आमच्या मनासारखी होऊन परत यावीत, असं आम्ही मागत नाही. ती तुझ्या हाती राहावीत, एवढं मागतो. येशूच्या नावाने, आमेन.’’

मुलं परत येतील तेव्हा बॅगेत ओला टॉवेल असेल, एक मोजा कमी असेल, आणि घसा बसलेला असेल. दारातच ‘‘काय शिकलास?’’ असं विचारू नका. ‘‘जेवण मस्त होतं’’ एवढंच उत्तर मिळेल आणि तुमचा विरस होईल. जेवू घाला, झोपू द्या. आठवड्याभराने कपड्यांच्या घड्या घालायला हाताशी बोलवा; हात कामात असले की मुलं बोलतात. दादा-ताईंनाही एकदा घरी जेवायला बोलवा, आणि तुमच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव होतं हे त्यांना सांगा.

चिठ्ठी फेकू नका. आमच्याकडे ती कालनिर्णयाच्या मे महिन्याच्या पानाला टाचणीने लावलेली असते. महिना उलटला की ती जूनच्या पानावर जाते, कारण शाळा सुरू झाल्यावर त्या मुलांचे खरे दिवस सुरू होतात. गेल्या वर्षीची दिवाळीपर्यंत टिकली. तोवर तेलाचे डाग पडून दोन नावं पुसट झाली होती, पण तोपर्यंत ती पाठ झाली होती.

पुढच्या अंकात पावसाळ्याआधी गाद्या-उशांना ऊन देण्याविषयी लिहीन. त्याबद्दलची तीन पत्रं माझ्याकडे पडून आहेत.